मशीनची १४८, लॅबची १२६

प्रश्न : आम्ही देवगड तालुक्यातल्या एका खेड्यात राहतो. सासूबाई ६७ वर्षांच्या, बरीच वर्षं डायबिटीस. दोन वेळा मेटफॉर्मिन आणि सकाळी ग्लिमेपिराइडची एक गोळी चालू आहे. गेल्या गणपतीत दिरांनी मुंबईहून शुगरचं मशीन आणलं, सोबत पन्नास पट्ट्यांची डबी. तेव्हापासून घरात वाद आहे. एप्रिलमध्ये गावातल्या कलेक्शन सेंटरवर रक्त दिलं. त्या सकाळी सहाला घरी मशीनवर १४८ आली होती, आठला दिलेल्या रक्ताची रिपोर्टात १२६. जेवणानंतर दोन तासांची लॅबची १८२, घरी २३६. तीन महिन्यांच्या सरासरीची एचबीए१सी ७.४. सेंटरवाला नमुने दुपारी कणकवलीला पाठवतो. रिपोर्टात हिमोग्लोबिन ९.२ आहे, पण ते त्यांचं नेहमीच कमी असतं. परवा साठं (आंबापोळी) घालायला आंब्यांचा रस काढत होत्या. डोकं जड वाटतंय म्हणून मध्येच उठून तपासलं तर ३११! घाबरून ग्लिमेपिराइडची आणखी एक गोळी घेतली आणि जेवल्याही कमी. दोन-अडीच तासांनी दरदरून घाम, हात थरथरायला लागले. साखर-पाणी दिल्यावर बऱ्या झाल्या. सासरे म्हणतात, "ता मशीन खोटा सांगता, परड्यात फेकून दी." दीर म्हणतात, लॅबवालेच कमी दाखवतात. शेजारच्या काकूंकडे तेच मशीन आहे, त्यांना मी आमच्यातल्या दहा पट्ट्या पुडीत बांधून दिल्या. त्यांनाही जास्तच दाखवतं. आम्ही विश्वास कुणावर ठेवायचा?

– एक सून, देवगड तालुका

उत्तर : ताई, मशीन आणि लॅब यांचा निवाडा जरा मागे ठेवू. आधी त्या जास्तीच्या गोळीचं बोलू, कारण तुमच्या पत्रातली जिवावर बेतू शकणारी गोष्ट तेवढीच एक आहे.

ग्लिमेपिराइड स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला लावते. रक्तात साखर भरपूर आहे की बेताची, हे बघून ती काम करत नाही, आणि तिचा अंमल चोवीस तासांपर्यंत राहू शकतो. साखर-पाण्यानं सासूबाईंना थोड्या वेळात बरं वाटलं, पण गोळी अंगात होतीच. त्या रात्री शुगर पुन्हा खाली गेली असती तर झोपेत कुणाला कळलंही नसतं. उतारवय, कमी जेवण आणि किडनीचं काम थोडं मंदावलेलं असलं की हा धोका वाढतो. म्हणून असं पुन्हा कधी घडलं तर साखर-पाण्यावर थांबू नका. त्यामागोमाग भात, पेज, भाकरी, जे घरात असेल ते खायला घाला, रात्री कुणीतरी जवळ झोपा, मधूनमधून तपासा आणि त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करा. मशीनवरच्या एका आकड्यावरून गोळी वाढवायची नाही, हा नियम सासूबाईंकडून कबूल करून घ्या. उपासाच्या दिवशी किंवा जेवण जात नसेल तेव्हा सकाळची ही गोळी घ्यायची की कसं, तेही डॉक्टरांना आत्ताच विचारून ठेवा. संकष्टी आणि एकादशी सांभाळणाऱ्या घरात हा प्रश्न महिन्यातून दोन-तीनदा येतोच.

शुगर ७० मिलिग्रॅमच्या खाली गेली की ती कमी समजायची. (हे सगळे आकडे डेसिलिटरमागे मिलिग्रॅमचे आहेत, रिपोर्टातही तेच असतात.) अशा वेळी साधारण १५ ग्रॅम साखर द्यायची, म्हणजे तीन-चार चहाचे चमचे, पाण्यात विरघळवून. पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासायचं, वर आली नसेल तर पुन्हा तेवढीच. आपल्याकडे पटकन हाताशी येतं ते कोकम, पण बाटली बघून घ्या. साखरेच्या पाकातलं अमृत कोकम असेल तर चालेल. आगळात (कोकमाच्या खारवलेल्या रसात) मीठ असतं, साखर नसते, त्यामुळे आगळाचं पाणी किंवा सोलकढी पाजून शुगर वर येणार नाही. घाम, थरथर, गोंधळल्यासारखं बोलणं दिसत असेल आणि मशीन ८५ किंवा ९० दाखवत असेल, तरी आधी साखर द्या, हुज्जत नंतर. माणूस शुद्धीत नसेल तर तोंडात काहीही घालू नका, १०८ ला फोन करा.

आता ते ३११.

या आकड्याचा आणि सासूबाईंच्या रक्ताचा संबंध बहुधा फार थोडा आहे. हिशेब करून बघा. शुगर १०० असते तेव्हा एक डेसिलिटर रक्तात १०० मिलिग्रॅम ग्लुकोज असतं. मशीनची पट्टी जो थेंब ओढून घेते तो साधारण अर्धा ते एक मायक्रोलिटर. एक मायक्रोलिटरमध्ये भरतं एक मायक्रोग्रॅम ग्लुकोज, म्हणजे एका ग्रॅमचा दहा लाखावा भाग. बोटावर तेवढीच साखर चिकटलेली असली आणि ती थेंबात मिसळली, तर १०० चे २०० होतात. आंब्याचा रस काढणाऱ्या हातावर याच्या कितीतरी पट ग्लुकोज असतं. हात पदराला किंवा फडक्याला पुसल्यानं ते जात नाही.

जपानमधल्या डॉक्टरांनी नेमकं हेच तपासून २०११ साली प्रसिद्ध केलं होतं. डायबिटीस नसलेल्या माणसांना संत्री, द्राक्षं आणि किवी सोलायला लावली आणि त्याच बोटांतून रक्त काढलं. हात न धुता घेतलेले आकडे भलतेच वर गेले. स्पिरिटचा बोळा फिरवूनही ते जास्तच राहिले. नळाखाली हात धुतल्यावर मात्र खरी शुगर दिसली. आपल्याकडे स्पिरिटचा बोळा म्हणजे स्वच्छता असं डोक्यात बसलंय. तो जंतूंसाठी ठीक आहे. साखर जाते ती पाण्यानं. साबण लावून हात धुवायचे, पूर्ण कोरडे करायचे (ओल्या बोटावर थेंब पातळ होतो, आकडा खाली जातो), बोटाच्या टोकाच्या बाजूला टोचायचं आणि थेंब आपसूक येऊ द्यायचा. येत नसेल तर हात खाली सोडून जरा हलवा, पण बोट मुळापासून टोकाकडे पिळून काढू नका. पिळल्यावर रक्तासोबत पेशींच्या मधल्या जागेतलं पाणीही येतं. धुण्याची सोय नसेल, समजा बाजारात किंवा एसटीत आहात, तर पहिला थेंब पुसून दुसरा घ्या. आंबा, फणस, काजूची बोंडं यांच्या दिवसांत तर चुलीशी असलेल्या बाईनं हात धुतल्याशिवाय टोचायचंच नाही. आकडा विश्वास बसू नये इतका मोठा आला तर पहिलं काम, हात धुऊन दुसऱ्या बोटातून पुन्हा तपासणं. दोन मिनिटं आणि एक पट्टी जाते, बस्स.

डोकं जड वाटत होतं त्याचं काय, असं तुम्ही विचाराल. मे महिन्यात दुपारी आंब्यांच्या राशीपुढे बसलेल्या माणसाचं डोकं जड होतंच. पाणी कमी पडलं असेल, रक्तदाबही बघा.

आता एप्रिलमधल्या आकड्यांकडे येऊ. दोन्ही जोड्यांत मशीन वर आहे, लॅब खाली. उपाशीपोटीचा फरक २२ आणि जेवणानंतरचा ५४, म्हणून तुमच्या घरात भांडण दुसऱ्यावरून पेटलं असणार. मला उलट दुसरा फरक फारसा खटकत नाही, पहिला खटकतो.

जेवणानंतर रक्तातली साखर आधी धमन्यांतून बोटाच्या टोकाशी येते. वाटेत स्नायू वगैरे आपापला वाटा उचलतात आणि उरलेली साखर शिरेतून परत फिरते. लॅब रक्त काढते ते शिरेतून. त्यामुळे जेवणानंतर बोटातली शुगर शिरेतल्यापेक्षा २० ते २५ टक्क्यांपर्यंत जास्त असू शकते आणि तरी दोन्ही आकडे आपापल्या जागी बरोबर असतात. १८२ वर २० टक्के चढवले की २१८ होतात. दोन तास तुम्ही घास घेतल्यापासून मोजले की जेवण संपल्यापासून, त्यात दहा-पंधरा मिनिटं इकडेतिकडे झाली, आणि मशीनची स्वतःची सूट, एवढ्यात २३६ बसतात. उपाशीपोटी मात्र बोट आणि शीर यांत फरक नगण्य असतो. म्हणून मशीनची परीक्षा नेहमी उपाशीपोटीच्या आकड्यावर करायची, जेवणानंतरच्या नाही.

मशीनला सूट किती असते? घरगुती मशीनसाठी जगभर मानलं जाणारं मानक म्हणजे आयएसओ १५१९७, त्याची २०१३ ची आवृत्ती. शुगर १०० किंवा त्याहून जास्त असेल तर मशीनचे १०० पैकी ९५ आकडे लॅबच्या १५ टक्के आत हवेत, आणि १०० च्या खाली असेल तर १५ मिलिग्रॅमच्या आत. २००३ च्या आवृत्तीत वरच्या आकड्यांना २० टक्के सूट होती. म्हणजे लॅबची १२६ असताना मशीनवर १०७ ते १४५ यांतलं काहीही आलं तरी ते मानकात बसतं. तुमची १४८ तीन आकड्यांनी बाहेर आहे. एकट्या १४८ वर मी मशीनला दोषी धरणार नाही, शंभरातल्या पाच आकड्यांना बाहेर जायची मुभा आहेच. पण ती का बाहेर गेली याची कारणं तुमच्या पत्रात जागोजागी पडलेली आहेत.

पहिलं, दोन्ही रक्तं एका वेळची नाहीत. घरी सहाला टोचलं, सेंटरवर आठला. मधल्या दोन तासांत त्या चढ-उतार चालून गेल्या असतील, उपास आणखी लांबला. तेवढ्यानं पाच-दहाचा फरक पडू शकतो.

दुसरं कारण नळीचं. रक्त नळीत गेलं तरी त्यातल्या पेशी जिवंत असतात आणि साखर खात राहतात. साध्या नळीत, खोलीच्या तापमानाला, तासाला ५ ते ७ टक्के शुगर घटते. उन्हाळ्यात वेग आणखी वाढतो. म्हणून शुगरसाठी राखाडी झाकणाची वेगळी नळी असते, तिच्यात फ्लोराइड असतं. फ्लोराइड पेशींचं खाणं थांबवतं, पण लगेच नाही, तास-दोन तास तरी जातात. तोवर थोडी शुगर घटतेच. राखाडी नळी वापरली असेल तर खरी शुगर १२६ ऐवजी १३२-१३४ च्या आसपास असू शकेल आणि मग मशीनची १४८ मानकाच्या आत येते. पण सेंटरवाल्यानं सगळ्या तपासण्यांसाठी एकच लाल झाकणाची नळी भरली आणि ती तशीच दुपारपर्यंत पेटीत राहून कणकवलीला गेली असेल, तर त्या रिपोर्टातली शुगर मी हिशेबातच धरणार नाही. तेव्हा तुमच्या दिरांच्या म्हणण्यात तथ्य आहे. लॅबवाले फसवत नाहीत. कणकवलीत मोजणारं यंत्र चोख असेल, पण त्यानं मोजलं ते चार-पाच तास मुरलेलं रक्त. सेंटरवर जाऊन सरळ विचारा: शुगरला कुठली नळी वापरता, आणि साधी वापरत असाल तर रक्त अर्ध्या तासात फिरवून पेशी वेगळ्या करता का? प्रश्न विचारण्यात उद्धटपणा काही नाही, पैसे आपण देतो.

तिसरं कारण तुम्ही एका ओळीत उडवून लावलंय. हिमोग्लोबिन ९.२, "पण ते त्यांचं नेहमीच कमी असतं."

घरगुती मशीन थेंब जसाच्या तसा मोजतं, तांबड्या पेशींसकट. लॅब पेशी बाजूला काढते आणि वरचा द्रव मोजते. थेंबात पेशी कमी असल्या की साखर पट्टीवरच्या रसायनापर्यंत जास्त सहज पोचते. दाट पेज गाळणीत अडते आणि निवळ झरझर उतरते, तसं. मशीनला वाटतं साखरच जास्त आहे. म्हणून रक्त कमी असलेल्या माणसात पुष्कळ मशीनं खऱ्यापेक्षा जास्त आकडा दाखवतात, आणि रक्त फार दाट असेल तर कमी. रिपोर्टात पीसीव्ही किंवा हिमॅटोक्रिट (रक्तात तांबड्या पेशी किती टक्के) नावाची ओळ असेल ती बघा. नसेल तर हिमोग्लोबिनला तीनानं गुणा: ९.२ चे होतात २७-२८ टक्के. आता पट्ट्यांच्या खोक्यातला तो घडी घातलेला कागद काढा, जो कुणीच वाचत नाही. त्यात हे मशीन किती ते किती हिमॅटोक्रिटपर्यंत चालतं ते छापलेलं असतं. काही मशीनं २० पासून ६० पर्यंत चालतात, काहींची मर्यादा ३० ला सुरू होते. तुमचं दुसऱ्या प्रकारातलं असेल तर सासूबाईंचं आजचं रक्त त्या मशीनच्या कक्षेबाहेर आहे. मशीन खोटं बोलत नाही, पण या रक्तासाठी ते बनलेलंच नाही.

म्हणजे बघा, नळीनं लॅबचा आकडा खाली ओढला आणि कमी हिमोग्लोबिननं मशीनचा वर ढकलला असं दोन्ही झालेलं असू शकतं. कुणाला तरी खोटं ठरवायची गरज उरत नाही.

याच कमी रक्ताची आणखी एक मेख आहे आणि ती डॉक्टरांच्या कानावर घालायलाच हवी. एचबीए१सी ही तीन महिन्यांच्या सरासरीची तपासणी म्हणून आपण डोळे मिटून मानतो. ७.४ म्हणजे सरासरी शुगर साधारण १६६. पण ती मोजली जाते तांबड्या पेशींतल्या हिमोग्लोबिनवर. लोह कमी पडल्यामुळे रक्त कमी झालेलं असेल तर एचबीए१सी खऱ्यापेक्षा जास्त येऊ शकते. उलट पेशी लवकर फुटत असतील किंवा नुकतंच रक्त चढवलेलं असेल तर कमी. म्हणजे सासूबाईंचं मशीन आणि एचबीए१सी दोन्ही एकाच कारणानं वर दाखवत असतील, आणि दोन पुरावे जुळले म्हणून डॉक्टर गोळी वाढवतील, असं होऊ शकतं. त्यामुळे एप्रिलच्या ७.४ वर औषध बदलायचं ठरलं असेल, तर ९.२ चा उलगडा होईपर्यंत थांबता येईल का, हे त्यांना विचारा.

आणि "नेहमीच कमी असतं" हे बाईच्या हिमोग्लोबिनबद्दल आपल्या घरांतून इतक्या सहज म्हटलं जातं की मला त्याचा राग येतो. ६७ व्या वर्षी पाळीचं कारण राहिलेलं नाही. लोह कुठे जातंय, पोटातून हळूहळू रक्तस्राव होतोय का, किडनीमुळे आहे का, की बरीच वर्षं मेटफॉर्मिन घेतल्यानं बी-१२ कमी झालंय, हे शोधायला हवं. दुकानातून लोहाच्या गोळ्या आणून सुरू करू नका. त्यानं कारण झाकलं जातं.

पट्ट्यांकडे वळतो. डबी गणपतीत उघडली, आता मे. पट्टीवर साखर ओळखणारं एंझाइम असतं, ते जिवंत नसलं तरी नाजूक असतं. ओल आणि उष्णता दोन्ही त्याचे वैरी. डबीच्या झाकणात किंवा भिंतीत ओल शोषणारं द्रव्य बसवलेलं असतं, म्हणून पट्टी काढली की झाकण त्याच क्षणी लावायचं. डबी उघडल्यावर काही कंपन्या ३ महिने सांगतात, काही ६, काही थेट छापील तारखेपर्यंत. तुमच्या डबीवर काय लिहिलंय ते वाचा आणि यापुढे नवी डबी उघडली की पेनानं तारीख टाका. बऱ्याच पट्ट्या ३० अंशांपर्यंतच ठेवायच्या असतात. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये चुलीजवळच्या फळीवर त्याहून जास्त सहज होतं. म्हणून फ्रिजमध्ये ठेवाव्या असं वाटेल, तेही नको: थंड डबी दमट हवेत उघडली की आत दव धरतं. माजघरातलं कोरडं कपाट बरं. जूनपासून चार महिने तर आपल्या घरांत मीठसुद्धा कोरडं राहत नाही, तेव्हा पन्नासऐवजी पंचवीसची डबी घ्या. पट्ट्या महाग आहेत हे मला ठाऊक आहे; मशीन स्वस्तात द्यायचं आणि पट्ट्यांवर कमवायचं हा या धंद्याचा रिवाजच आहे. तरी जुनी पट्टी वापरून वाचवलेले पैसे चुकीच्या गोळीत जातात.

काकूंना पुडीत दिलेल्या पट्ट्या तर कागदात गेल्या त्याच दिवशी संपल्या. खराब पट्टी कधी जास्त दाखवते, कधी कमी. दिशेचा भरवसा नसतो. त्यामुळे "त्यांनाही जास्तच दाखवतं" हा मशीनविरुद्धचा पुरावा होत नाही. सुई आणि टोचायचं पेन दोघींत वापरत नाही ना? कावीळ ब अशीच घरातून घरात जाते. सुई बदलली तरी पेन वेगळं हवं.

मशीनची खरी परीक्षा अशी घ्या. नवी डबी उघडा. जिथे रक्त काढतात तिथेच लॅब आहे अशा ठिकाणी, कणकवलीत किंवा ओरोसला, सकाळी उपाशीपोटी सासूबाईंना घेऊन जा आणि मशीन सोबत न्या. लॅबवाल्यानं शिरेतून रक्त घेतलं की पाच मिनिटांच्या आत, हात धुऊन, बोटातून मशीनवर तपासा. सिरिंजमधला थेंब मशीनला देऊ नका; सगळ्या मशीनांना शिरेचं रक्त चालत नाही. आकडा लॅबच्या पावतीवरच लिहून ठेवा. रिपोर्ट आला की दोन्हींतला फरक काढा, त्याला लॅबच्या आकड्यानं भागा, शंभरानं गुणा. १५ च्या आत आला तर मशीन ठेवा. बाहेर आला तर पुढच्या तपासणीला पुन्हा एकदा करून बघा. दोन्ही वेळा बाहेर, आणि तेही एकाच दिशेनं, तर सासऱ्यांचा सल्ला माना, फक्त परड्यात नको. बॅटरीचा कचरा वेगळा द्या. मशीनच्या कंपनीचा कंट्रोल सोल्यूशनचा (ठरलेल्या प्रमाणात साखर असलेल्या द्रवाचा) थेंबही मिळतो, रक्ताऐवजी तो पट्टीला लावायचा. आकडा डबीवर छापलेल्या मर्यादेत आला म्हणजे मशीन आणि पट्टी धड आहेत. बहुतेक वेळा तो वेगळा मागवावा लागतो आणि औषधाच्या दुकानदाराला काय मागतोय हे समजावण्यात बराच वेळ जातो. कमी हिमोग्लोबिनचा परिणाम मात्र त्यातून कळत नाही, कारण त्या थेंबात रक्तच नसतं.

लागोपाठ दोन बोटांतून घेतलेले आकडे तंतोतंत जुळणार नाहीत. १४२ आणि १५० एका मिनिटात आले तर ते जुळलेच समजा. मनासारखा आकडा येईपर्यंत टोचत राहणारी माणसं असतात, त्यांची बोटं आणि पट्ट्या दोन्ही फुकट जातात. "मशीनच्या आकड्यातून वीस वजा करा" किंवा "दहा टक्के मिळवा" अशी सूत्रं मोबाइलवर फिरतात, त्यांच्या नादी लागू नका. जुनी मशीनं सबंध रक्ताचा आकडा दाखवायची, तो लॅबच्या प्लाझ्मापेक्षा (पेशी काढल्यावर उरलेल्या द्रवापेक्षा) दहा-बारा टक्क्यांनी कमी यायचा. हल्लीची जवळजवळ सगळी आतल्या आत प्लाझ्माचा हिशेब करूनच आकडा देतात.

मग एवढ्या त्रुटी असताना मशीन ठेवायचंच कशाला? कारण लॅब तुम्हाला तीन महिन्यांतून एक सकाळ सांगते. रात्री दोनला घाम फुटला तर लॅब उघडी नसते. रिचर्ड बर्नस्टीन नावाचे अमेरिकन इंजिनियर लहानपणापासून डायबिटीसचे रुग्ण होते. १९७० च्या सुमारास ही यंत्रं फक्त डॉक्टरांना आणि दवाखान्यांना विकत असत, तेव्हा त्यांनी डॉक्टर पत्नीच्या नावावर एक मिळवलं आणि घरी दिवसातून अनेकदा मोजून काय खाल्ल्यावर काय होतं ते शोधलं. आजच्या मशीनांपुढे ते यंत्र ओबडधोबड होतं, पण उपयोग झाला तो रोज मोजण्याचा. सासूबाईंनीही एकेका आकड्यामागे न धावता आठवड्यातून दोन-तीन दिवस उपाशीपोटी आणि एखाददा जेवणानंतर दोन तासांनी तपासावं, वहीत तारीख, वेळ, आकडा आणि काय जेवल्या ते लिहावं. भात किती, आंबा किती फोडी, हे प्रामाणिकपणे. महिन्याभराच्या वहीतून डॉक्टरांना जे दिसेल ते एका १४८ मधून दिसणार नाही. उपाशीपोटी ८० ते १३० आणि जेवणानंतर १८० च्या आत ही जी उद्दिष्टं सांगतात, ती अमेरिकन डायबिटीस असोसिएशननं बोटातल्या रक्तासाठीच दिलेली आहेत. सासूबाईंच्या वयाला आणि अशा गोळीवर डॉक्टर ती थोडी सैलही ठेवतील. घरातल्या इतरांना मात्र या मशीनवर "डायबिटीस आहे" किंवा "नाही" असं ठरवू नका. निदान शिरेच्या रक्तावर, लॅबमध्येच करायचं.

हात धुऊन, दुसऱ्या बोटातूनही ३०० च्या वर आकडा येत राहिला, किंवा पडद्यावर आकड्याऐवजी 'हाय' आलं (बहुतेक मशीनांत ते ६०० च्या पुढे येतं), सोबत उलट्या, खूप तहान, सारखी लघवी, गुंगी असेल तर वही आणि मशीन घेऊन थेट दवाखाना गाठा.

लॅबला जाल त्या दिवशी डॉक्टरांकडून चिठ्ठीवर एवढं लिहून घ्या: उपाशीपोटी शुगर राखाडी नळीत, संपूर्ण रक्तगणना, फेरिटिन (लोहाचा साठा), बी-१२ आणि क्रिएटिनिन (किडनीची तपासणी). नळ्या तीन भरतील पण सुई एकदाच टोचेल, आणि सासूबाईंची कणकवलीची दुसरी खेप वाचेल.